आपत्कालीन विभागातील डॉक्टरचे रोजचे काम: आधी कोण, नंतर कोण

पहाटवेळ

गेली अकरा वर्षे मी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे सगळे ज्याला कॅज्युअल्टी म्हणतात तेथे, डॉक्टर म्हणून काम करते आहे. ओळखीचे लोक या कामाविषयी नेहमी विचारतात आणि मी दर वेळी काहीतरी तुटक सांगून विषय आवरता घेते, म्हणून एकदा नीट बसून लिहावे असे ठरवले. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण, नातेवाईक, ज्यांचा ज्यांचा या विभागाशी संबंध आला असेल त्यांनी आपले अनुभव आणि प्रश्न मोकळेपणाने लिहावेत.

बाहेरून पाहणाऱ्याला आमचा विभाग म्हणजे अखंड धावपळ वाटते. धावपळ असतेच, पण पाळीतला सर्वांत मोठा वाटा एका प्रश्नाने व्यापलेला असतो: समोर असलेल्या सगळ्यांपैकी आधी कोण? पाळी सुरू होते तीच या प्रश्नाने. आधीच्या पाळीचा डॉक्टर थकलेला असतो, त्याला घरी जायचे असते. तरीही आम्ही दोघे एकेका खाटेपाशी जाऊन उभे राहतो आणि रुग्णाच्या देखतच हँडओव्हर करतो, म्हणजे रुग्ण एका पाळीकडून दुसरीकडे सोपवतो. 'चार नंबरला दम्याचा त्रास आहे, दोनदा वाफ दिली, पण बोलताना वाक्य अजून तुटते आहे.' या वाक्यातील शेवटचे तीन-चार शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण जो माणूस एका श्वासात एक वाक्य पुरे करू शकत नाही, त्याच्या बोटावरचा ऑक्सिमीटर 95 दाखवत असला तरी तो माझ्या मनातल्या यादीत वर सरकतो. दमलेले फुप्फुस आकडा बराच वेळ सांभाळून धरते आणि मग एकदम सोडून देते.

हा क्रम लावण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. त्याला ट्रिआज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वेचून वेगळे करणे असा आहे. जगात अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या मँचेस्टर पद्धतीत पाच रंग आहेत: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी म्हणजे 10 मिनिटांत, पिवळा 60 मिनिटांत, हिरवा 120 मिनिटांत आणि निळा 240 मिनिटांत. रंग ठरवणारी व्यक्ती बहुधा अनुभवी परिचारिका असते आणि तिच्या हाती प्रत्येकासाठी दोन-चार मिनिटेच असतात. आलेल्या वेळेचा या क्रमाशी फारसा संबंध नसतो, आणि बाकावर बसून वाट पाहणाऱ्या माणसाला हेच सर्वांत कठीण जाते, कारण जगात इतर सर्वत्र तो रांगेला सरावलेला असतो.

शिकत असताना आमच्या वरिष्ठांनी सांगितले होते की जो मोठ्याने ओरडतो आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे आणि मेंदूला रक्त पोहोचते आहे; तेव्हा आधी गप्प असलेल्याकडे बघ. ओरडणाऱ्याच्या वेदना खऱ्याच असतात आणि त्यांवर लवकर औषध मिळाले पाहिजे, हे मी त्यात माझ्याकडून जोडते. पण खोलीत शिरताना माझी नजर आजही पहिल्यांदा गप्प माणसाला शोधते. कपाळावर घाम, ओठांना राखेचा रंग, अंगावरच्या कपड्याशी चाळा करणारी बोटे, आणि 'मला काही नाही, यांनी उगीच आणले' असे सांगणारा आवाज. असा माणूस दिसला की मी हातातला केसपेपर खाली ठेवते.

एका रात्रीचा प्रसंग लिहिते. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत. साठीतल्या एका बाईंना उजव्या बाजूचा पक्षाघात म्हणून आणले होते. हात उचलत नव्हता, शब्द जडावले होते, मुलगी दाराशीच रडत होती. पक्षाघातात वेळेला अतोनात महत्त्व असते, म्हणून सीटी स्कॅनच्या खोलीला निरोप गेला, ट्रॉली वळवली गेली. तेवढ्यात सिस्टरांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. आकडा आला 31. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि दोन दिवस तापामुळे त्या जवळजवळ उपाशी होत्या. शिरेतून 25 टक्के ग्लुकोजचे 100 मिलिलिटर दिले. मी त्यांचा उजवा हात माझ्या तळहातावर धरून उभी होते. आधी करंगळी हलली, मग पूर्ण मूठ माझ्या बोटांभोवती आवळली गेली, आणि पाच-सात मिनिटांत त्यांनी मुलीला नावाने हाक मारून 'तू का रडतेस?' असे विचारले. साखर फार खाली गेली की मेंदूची एक बाजू बंद पडल्यासारखे दिसू शकते, हे पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते. पण ट्रॉली सीटीकडे धावत असताना बोटाला सुई टोचण्याचे भान राहणे, हे या कामाचे खरे कौशल्य आहे, आणि त्या रात्री ते माझे नव्हते, सिस्टरांचे होते.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी शिकवली नाही. रुग्णाला 'छातीत दुखतंय का?' असे विचारले की हृदयविकाराचा झटका आलेला माणूसही कित्येकदा ठामपणे 'नाही' म्हणतो, कारण त्याला दुखत नसतेच. त्याला 'भरून आल्यासारखं' होत असते, 'कोणीतरी दाबून धरल्यासारखं' वाटत असते, 'जीव घाबरा' होत असतो, किंवा नुसतेच 'कसंतरी होतंय'. मी आता हे सगळे शब्द एकामागून एक विचारते आणि ज्या शब्दावर त्याचा चेहरा बदलतो तो शब्द तसाच्या तसा केसपेपरवर लिहिते. असा माणूस दारातून आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा दंडक आहे. पण त्या दहा मिनिटांचे घड्याळ आम्ही योग्य शब्द विचारला तरच सुरू होते.

तूर्त एवढेच. प्रश्नांची वाट पाहते.

गणकयंत्र

उत्तम धागा. वैद्यकाशी माझा काही संबंध नाही, परंतु क्रम लावण्याच्या शास्त्राशी आहे, म्हणून विचारतो: ही पद्धत आली कोठून? आणि आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा केव्हापासून मानली जाऊ लागली?

पहाटवेळ

तिचे मूळ रणांगणावर आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी जखमींना त्यांच्या हुद्द्याप्रमाणे न घेता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे घ्यावे, असा आग्रह धरला आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्यांची व्यवस्था उभी केली. सेनापतीआधी साधा शिपाई टेबलावर घेतला जाऊ शकतो, हे त्या काळात किती धीट विधान असेल याची कल्पना करून पाहावी. आमच्या दारावर आजही ओळखीचा फोन येतो, कोणाच्या तरी नावाचा दाखला दिला जातो, आणि तेव्हा मला लारे आठवतात.

स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मात्र अगदी अलीकडची आहे. अमेरिकेत ती 1979 मध्ये मिळाली. त्याआधी या विभागात बहुधा इतर शाखांचे शिकाऊ किंवा आळीपाळीने नेमलेले डॉक्टर उभे केले जात. सर्वांत कमी अनुभवाचा डॉक्टर सर्वांत अनिश्चित रुग्णासमोर उभा, अशी ती व्यवस्था होती.

चाफेकळी

मी याच विभागात एकोणीस वर्षे परिचारिका आहे. साखरेचा प्रसंग वाचून बरे वाटले, कारण आमच्या वाट्याची गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

हृदय बंद पडलेला रुग्ण आला की प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एक जण छातीवर दाब देतो, मिनिटाला 100 ते 120 या गतीने आणि प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. दर दोन मिनिटांनी माणूस बदलतो, कारण त्याहून अधिक वेळ त्याच जोराने दाब देणे भल्याभल्यांना जमत नाही आणि थकलेल्याला आपण थकलो आहोत हे कळत नाही. एक जण डोक्यापाशी अँबू बॅग, म्हणजे दाबून श्वास देण्याची पिशवी, धरतो. एक जण शीर शोधतो. माझे काम बहुतेक वेळा घड्याळाचे असते. दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनालिन द्यायचे असते आणि त्या गोंधळात दोन डोसांमधला वेळ दोन मिनिटे होता की सहा, हे कोणालाही आठवत नाही. म्हणून मी चिकटपट्टीचा एक लांब तुकडा फाडून डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लावते आणि त्यावर वेळा लिहीत जाते. नंतर तीच पट्टी काढून नोंदवहीत चिकटवते. घामाने शाई फुटते, पण आकडे वाचता येतात. आमच्या जुन्या नोंदवह्यांमध्ये अशा किती पट्ट्या आहेत त्यांची मोजदाद नाही.

आणि एक सांगते. अपघातात सापडलेली माणसे बहुधा एकाच पायात चप्पल घालून येतात. दुसरी रस्त्यावर राहिलेली असते. रुग्णाचे सामान पिशवीत भरून, यादी करून नातेवाइकांच्या सहीने देणे हे माझे काम. घड्याळ, चष्मा, फोन हे सगळे लोक मुकाट्याने घेतात. पण 'दुसरी चप्पल कुठे आहे?' हे मात्र जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मी 'शोधते' असे म्हणते आणि खरोखरच ट्रॉलीखाली वाकून एकदा पाहते.

नवशिका

पहाटवेळ मॅडम आणि चाफेकळी सिस्टर, दोघींनाही नमस्कार. मी या शाखेच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. काम अंगावर पडते त्याचे फार वाटत नाही. मला छळते ती दुसरीच गोष्ट. पाळी संपवून खोलीवर गेल्यावर घरी पाठवलेले रुग्ण डोळ्यांसमोर येतात. दाखल केलेल्यांची काळजी वाटत नाही, कारण त्यांच्याकडे आता दुसरे कोणीतरी पाहते आहे. ज्यांना 'काळजीचे काही नाही' म्हणून मी सही करून पाठवले, त्यांच्यातला एखादा आत्ता घरी कोसळत असेल का, हा विचार झोपू देत नाही. आपण कधी चुकलात का, आणि त्यानंतर पुन्हा सही करण्याचे धैर्य कसे आले, हे विचारणे उद्धटपणाचे वाटल्यास क्षमा करावी.

पहाटवेळ

उद्धटपणाचे मुळीच नाही. हा प्रश्न मनात येणे थांबले तर काळजी करा.

मी चुकले आहे. सातेक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या संध्याकाळी मूतखड्याचे दोन रुग्ण लागोपाठ आले होते, दोघेही वेदनाशामक इंजेक्शनाने शांत होऊन घरी गेले होते. तिसरे आले ते अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ. डाव्या कुशीत कळ, ती जांघेकडे उतरणारी, लघवीच्या तपासणीत थोडे रक्त. सारे चित्र खड्याचेच होते. इंजेक्शनाने त्यांनाही आराम पडला. जाताना त्यांनी माझे आभार मानले. सहा तासांनी ते परत आले तेव्हा वरचा रक्तदाब 70 होता आणि पोट फुगले होते. पोटातली महाधमनी, म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुगून फुटली होती. शल्यचिकित्सकांनी तत्काळ आत घेतले, पण ते टेबलावरच गेले.

साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मूतखड्यासारखी कळ आली तर आधी महाधमनी पाहावी, हे मला माहीत होते. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहिले होते. पण आधीच्या दोन रुग्णांनी माझ्या मनात उत्तर तयार करून ठेवले होते आणि तिसऱ्याकडे मी त्याच उत्तरातून पाहिले. सोनोग्राफीचे यंत्र माझ्यापासून चार पावलांवर होते. धमनी मोजायला दोन मिनिटे लागतात. ती तीन सेंटिमीटरहून कमी रुंद असायला हवी, तिची रुंदी तीनच्या पुढे गेली तर ती फुगलेली आहे, एवढेच पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांकडे जाऊन सगळे सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही आणि समजूतही काढली नाही. केसपेपर घेऊन ओळ न् ओळ माझ्यासोबत वाचला आणि 'या ओळीपाशी थांबायला हवे होते' असे म्हणून एका ओळीवर बोट ठेवले. ती ओळ होती वयाची. पुढच्या आठवड्यात आम्ही सर्वांसमोर त्या रुग्णाची चर्चा केली. त्या चर्चेत माझे नाव घेऊ नये असे ठरले होते, पण मीच उभी राहून सांगितले. त्यानंतर आमच्याकडे पन्नाशीपुढच्या माणसाच्या अशा प्रत्येक कळेला पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला जातो. त्या नियमाने पुढच्या काळात दोन जणांची धमनी फुटण्याआधी सापडली. यामुळे त्या गृहस्थांच्या बाबतीतला हिशेब मिटतो असे मला कधीही वाटलेले नाही, आणि तो मिटवण्याचा प्रयत्नही मी करत नाही.

धैर्याविषयी: मी आता सही करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारते, 'हे माझे निदान चुकीचे निघाले तर खरे निदान काय असेल?' उत्तर सुचले नाही तर पुन्हा खाटेपाशी जाते. आणि घरी पाठवताना 'काळजीचे काही नाही' हे वाक्य वापरणे मी सोडून दिले आहे. त्याऐवजी 'आत्ता मला धोक्याचे काही दिसत नाही; पण कळ परत आली, चक्कर आली, ताप चढला, तर रात्रीचे कितीही वाजले असोत, परत या; मी किंवा माझ्या जागी जो असेल तो तुम्हाला पुन्हा पाहील' असे म्हणते आणि ते कागदावरही लिहून देते. परत येणाऱ्या माणसाला 'सकाळीच तर सांगितलं होतं' असे ऐकावे लागू नये, याची काळजी घ्या. परत आलेला रुग्ण आपल्याला दुसरी संधी देत असतो.

रातपाळीविषयीही लिहिते, कारण आपण पहिल्या वर्षाला आहात. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. पहाटे तीन ते पाच या वेळेत औषधाचा डोस मोठ्याने उच्चारा आणि समोरच्या सिस्टरांकडून तो परत म्हणवून घ्या. त्यात कमीपणा नाही. आणि पाळी संपल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. हे मी आईच्या आवाजात सांगते आहे असे समजा.

ओळखीचा अनोळखी

पहाटवेळ, नातेवाइकांना मृत्यूची बातमी कशी सांगता? माझ्या भावाच्या वेळी डॉक्टर बाहेर आले आणि बराच वेळ 'आम्ही सगळे प्रयत्न केले', 'हृदय साथ देत नव्हते' असे बोलत राहिले. आम्ही मान डोलावत होतो आणि मनात 'म्हणजे आता पुढे कोणती शस्त्रक्रिया?' हाच विचार होता. शेवटी आईने विचारले, 'आहे ना?' त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांना जो वेळ लागला तो मी विसरलेलो नाही. त्यांच्याविषयी राग नाही. तेही तरुण होते.

पहाटवेळ

आपले लिहिणे दोनदा वाचले. आपल्या आईंना तो प्रश्न विचारावा लागला याचे मला, त्या डॉक्टरांच्याच व्यवसायातली म्हणून, वाईट वाटते.

आपल्या भाषेत मृत्यूला स्पर्श न करता तो सांगण्याच्या किती तऱ्हा आहेत! त्या घरात सोज्वळ वाटतात, पण आमच्या दाराशी घात करतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला म्हणाले, 'बाबा गेले.' त्याने लगेच विचारले, 'कुठे नेलं? आयसीयूत का?' आणि तो जिन्याकडे धावायला निघाला. त्याला हाताला धरून थांबवावे लागले. त्या दिवसापासून मी 'गेले' म्हणत नाही. 'राहिले नाहीत', 'हाती लागले नाहीत' हेही म्हणत नाही.

आता मी असे करते. आधी बाहेर पडण्यापूर्वी रुग्णाचे पूर्ण नाव पुन्हा वाचते. हात धुते, एप्रनवर रक्त असेल तर तो बदलते. नातेवाइकांना बाजूच्या खोलीत नेते, तेथे सर्वांना बसायला सांगते आणि स्वतःही बसते. उभ्या डॉक्टरला निघण्याची घाई आहे असे दिसते. सिस्टर सोबत असतात. त्यांना किती ठाऊक आहे ते एका प्रश्नाने विचारते. 'मला वाईट बातमी सांगायची आहे' असे म्हणते आणि क्षणभर थांबते. मग सांगते, 'त्यांचा मृत्यू झाला आहे.' एवढेच वाक्य. त्यानंतर मी बोलत नाही. ती शांतता फार लांब वाटते आणि ती भरून काढण्याचा मोह फार मोठा असतो. पण त्या वेळी बोललेले एकही वाक्य कोणाच्या कानात शिरत नाही. प्रश्न आले की उत्तरे देते. 'आम्ही आधी आणलं असतं तर?' हा प्रश्न जवळजवळ नेहमी येतो. त्याचे खरे उत्तर दिलासा देणारे असेल तर ते ठामपणे देते. नसेल तर खोटे बोलत नाही; 'त्या वेळी तुम्हाला जे दिसत होते त्यावरून तुम्ही निर्णय घेतला' असे सांगते, आणि तेही खरेच असते.

मग दार उघडून पुढच्या रुग्णाकडे जायचे असते. तो तासभर थांबलेला असतो, त्याच्या पायाला खिळा लागलेला असतो आणि माझ्या चेहऱ्यावर जे आहे त्याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. या दोन दारांमधले अंतर आमच्याकडे बारा-तेरा पावलांचे आहे. मी ते सावकाश चालते.

काठावरचा

धागा वाचून आदर वाटला, तरीही दुसरी बाजू मांडतो. सहा आठवड्यांपूर्वी माझे वडील, वय चौऱ्याहत्तर, घरात घसरून पडले. मनगट सुजले होते. आम्ही त्यांना एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले. तेथे साडेचार तास बाकावर बसलो. आमच्यानंतर आलेली किमान वीस माणसे आत गेली. क्रम गांभीर्याप्रमाणे असतो हे मला मान्य आहे; मनगट मोडलेल्या माणसाने हृदयविकाराच्या रुग्णाआधी जावे असे मी म्हणणार नाही. परंतु साडेचार तासांत एकदाही कोणी येऊन 'अजून एवढा वेळ लागेल' असे सांगितले नाही, वडिलांना दुखण्यावर एक गोळीही दिली नाही. खिडकीपाशी विचारायला गेलो की 'बसा, बोलावतील' एवढेच उत्तर. शेवटी प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. आधी कोण हा प्रश्न आपण छान मांडलात. नंतर कोण, आणि त्याचे काय, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा नाही का?

पहाटवेळ

आपली तक्रार रास्त आहे आणि तिच्यापुढे विभागातल्या गर्दीचे कारण मी ठेवणार नाही. हिरवा रंग मिळाला म्हणजे माणूस विसरला गेला, असे होता कामा नये. दुखण्यावरचे औषध बाकावरही देता येते. मोडलेला हात झोळीत बांधून आधार देणे परिचारिकेला दोन मिनिटांत करता येते. आमच्याकडेही पूर्वी हे होत नव्हते. आता दर तासाला एक जण बाहेर जाऊन प्रत्येकाला पुन्हा पाहतो, कारण पहिल्या दोन मिनिटांत ठरवलेला रंग कायमचा नसतो. हिरव्यातला माणूस बाकावर बसल्या बसल्या लाल होऊ शकतो. तासाभराने पुन्हा पाहणे म्हणूनच उपचाराचाच भाग आहे.

आपल्या वडिलांविषयी मात्र दोन गोष्टी विचारते, ज्या मी त्या दिवशी तेथे असते तर दाराशीच विचारल्या असत्या. ते रक्त पातळ करणारे औषध घेतात का? आणि पडताना डोक्याला मार लागला होता का?

काठावरचा

औषध घेतात. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे गेली तीन वर्षे चालू आहे. हे तेथे कोणी विचारले नाही आणि मनगटाशी त्याचा काही संबंध असेल असे आमच्याही मनात आले नाही.

डोक्याविषयी मला माहीत नव्हते, म्हणून आपला प्रश्न वाचून आत्ता वडिलांना विचारले. ते म्हणाले, 'मार नाही लागला, पडताना कपाळ भिंतीला जरासं घासलं होतं.' आधी का सांगितले नाही असे विचारले तर म्हणाले, 'दुखत नव्हतं, आणि सगळे हाताचंच विचारत होते.'

आपण विचारले म्हणून सांगतो: गेले सात-आठ दिवस ते चालताना किंचित डावीकडे जातात आणि दुपारीही झोपतात, जे ते कधी करत नसत. आम्हाला वाटले, प्लास्टरच्या वजनाने आणि वयाने. उद्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून घेतो.

पहाटवेळ

कृपया उद्यापर्यंत थांबू नका. आत्ताच त्यांना सीटी स्कॅनची सोय असलेल्या आपत्कालीन विभागात घेऊन जा. वयस्कर माणसाच्या डोक्याला हलकासा मार लागून कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली, थोडे थोडे रक्त साचू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाने तो धोका वाढतो, आणि त्याची लक्षणे कित्येक आठवड्यांनी, नेमकी आपण लिहिलीत तशी, हळूहळू दिसू लागतात. तसे नसूही शकते; येथून ते ठरवता येणार नाही. असले तरी वेळेवर सापडल्यास त्यावर चांगला उपाय आहे. रक्त पातळ करण्याच्या औषधाचा पुढचा डोस घ्यावा की नाही हे तेथील डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मनाने बंद करू नका. ते औषध खोक्यासकट सोबत न्या. शस्त्रक्रिया लागलीच तर पोट रिकामे असावे लागते, म्हणून तेथे विचारल्याशिवाय काही खायला देऊ नका. त्यांना एकटे चालू देऊ नका, आणि वाटेत झोप अनावर झाली, उलटी झाली किंवा बोलणे अडखळले तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवा.

दाराशी पहिली जी सिस्टर भेटेल तिला मनगटाविषयी काही सांगू नका. हे तीन वाक्यांत सांगा, याच क्रमाने: 'हे रक्त पातळ करणारे औषध घेतात. सहा आठवड्यांपूर्वी पडले तेव्हा कपाळ भिंतीला लागले होते. आठवडाभर चालताना एका बाजूला जातात आणि झोप वाढली आहे.'

काठावरचा

निघत आहोत. तीन वाक्ये फोनवर लिहून घेतली आहेत.